चोखोबांना वाचवायला कोण आलं?

त्या रविवारी संध्याकाळी साडेसातला सिस्टर आमच्याकडे आल्या. उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे दहा झालेले असतात आणि त्यांच्या मुलीच्या चर्चची उपासना सुरू होते. एरवी सिस्टर ती मोबाईलवर बघतात. त्या दिवशी मात्र सात वर्षांचा नातू सगळ्यांसमोर उभा राहणार होता, आणि मोबाईलवर तो बोटाएवढा दिसला असता. म्हणून आमच्या टीव्हीला जोडून बघायचं ठरलं.

सिस्टर आमच्या शेजारी. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकल्या, सरकारी नोकरीत मंगळवेढ्याला आल्या आणि निवृत्त झाल्यावर इथंच राहिल्या. गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. मी हायस्कूलात मराठी शिकवलं, म्हणून मी 'सर'. त्यांचं घराणं सोलापूरकडचं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती. आमच्या घरात तुळशीची माळ आणि आषाढीची वारी. इतक्या वर्षांत देवधर्मावर आम्ही कधी भांडलो नव्हतो. त्या रात्री भांडलो, आणि ते बरं झालं असं मला वाटतं.

पडदा उजळला. मागं उंच इमारतींचं चित्र, रंगीत दिवे, गिटार आणि ड्रम. पाळक आले ते कोटाची बटणं उघडत. आत निळा शर्ट आणि छातीवर मोठं अक्षर. मग मुलं आली. कुणाच्या पाठीवर लाल कपडा, कुणाच्या डोळ्यांवर काळी पट्टी, कुणाच्या अंगावर कोळ्याचं जाळं. डावीकडून तिसरा सिस्टरांचा नातू. तो दिसताच त्यांनी हात जोडले. पाळकांनी सांगितलं, की जगातला सर्वांत मोठा सुपरहिरो म्हणजे येशू. मुलांनी मुठी वर केल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला. सिस्टरांचे जोडलेले हात हळूहळू सुटून मांडीवर आले.

उपासना संपल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सर, लेकरू गोड दिसत होतं. पण मला हे आवडलं नाही."

"का?"

"आमच्या लहानपणी चपला दाराबाहेर असायच्या. आई डोक्यावर पदर घ्यायला लावायची. पेटी-तबल्यावर गीत सुरू झालं की अंगावर काटा यायचा. देवासमोर उभं राहायचं म्हणजे आपण लहान व्हायचं, हे कुणी शिकवलं नाही, ते कळायचंच. इथं आपण होतो तेवढेच राहिलो आणि देवाला लहान केलं. खेळण्यांच्या दुकानात मिळतो तेवढा."

"पण सिस्टर, तुमच्या चर्चमध्ये पेटी-तबला आला कुठून? अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर पेटी-तबला नव्हता. अभंगाच्या चालीवर प्रभूचं नाव घ्यायला रेव्हरंड टिळकांनी शिकवलं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस पुढं ख्रिस्ती कीर्तनं करत फिरला. त्याच्याही आधी फादर स्टीफन्स. इंग्लंडचा माणूस, गोव्यात आला आणि 1616 मध्ये त्यानं क्रिस्तपुराण छापलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या! ज्यांना पुराण ऐकायची सवय होती, त्यांना त्यानं पुराणच दिलं. त्या काळीही कुणाला तरी वाटलं असेल, की हा काय पोरखेळ? न्यू जर्सीच्या पोरांना सुपरहिरोच्या गोष्टींची सवय आहे. त्यांच्या पाळकांनी तेच केलं."

सिस्टरांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती.

"टिळकांनी कपडे बदलले, गोष्ट बदलली नाही. आणि अभंग म्हणजे काय नुसता कपडा आहे? इथल्या माणसाला रडायचं असेल, देवाशी भांडायचं असेल, तर तो अभंगातच भांडतो. तुम्हीच शाळेत शिकवलंत हे. सुपरहिरोच्या भाषेत रडता येतं का कुणाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, निदान तेव्हा तसं वाटलं. सुपरमॅन 1938 मध्ये छापून आला. तो रचणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलंडचे दोन तरुण, परदेशातून पोटासाठी आलेल्या ज्यू कुटुंबांतले. मंदीचे दिवस होते आणि युरोपात हिटलर होता. त्यांनी काय लिहिलं? बुडणाऱ्या जगातून आईबापांनी एक तान्हं बाळ यानात घालून दूर पाठवलं, ते परक्यांच्या घरी वाढलं आणि दुबळ्यांच्या बाजूनं उभं राहिलं. टोपलीत घालून नदीत सोडलेल्या मोशेची गोष्ट सिस्टरांना मी काय सांगणार! मी एवढंच म्हणालो, "हेही रडणंच होतं, सिस्टर. कुणीतरी यावं आणि आम्हाला सोडवावं, असं."

आणि मी हेही सांगितलं, की 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स निघाली, त्यातल्या वेताळाचे अंक मी पोरवयात गाईच्या गोठ्यात लपून वाचले. अन्याय करणाऱ्याच्या जबड्यावर कवटीची खूण उमटते, हे वाचताना छाती भरून यायची. मुलाच्या मनात न्यायाची हौस अशीच उगवते. ती वाईट नाही.

"हौस वाईट नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण हौस म्हणजे उपासना नव्हे."

इथं मला कीर्तनाचा आधार घ्यावासा वाटला. नारदीय कीर्तनात पूर्वरंग असतो, त्यात एका अभंगाचं निरूपण होतं. मग उत्तररंगात आख्यान. बुवा एकटेच राजा होतात, राणी होतात, म्हातारी होऊन खोकतातही. नाथांच्या भारुडात तर देवाचं सांगायला वासुदेव येतो, जोशी येतो, वेडी येते. म्हणजे देवासमोर सोंग घेणं आपल्याला नवं नाही. आख्यान मनात राहावं म्हणून सोंग, आणि आख्यान भरकटू नये म्हणून आधी पूर्वरंग. त्या रात्रीच्या उपासनेत मला खटकलं असेल तर हेच, की आख्यान पाऊण तास चाललं आणि निरूपण पाच मिनिटांत उरकलं. हे मी कबूल केलं.

"आणि जे पाच मिनिटं सांगितलं, तेही अर्धं," सिस्टर म्हणाल्या. "पाळकांनी इफिसकरांस पत्रातली देवाची शस्त्रसामग्री घेतली. शिरस्त्राण, ढाल, तलवार, उरस्त्राण. पोरांना ते आवडणारच. पण पौलानं ते कुठं बसून लिहिलं हे सांगितलं नाही. तो कैदेत होता, सर. रोमन शिपायाचे अंगावरचे एकेक जिन्नस तो डोळ्यांनी रोज बघत असणार. स्वतः बेडीत आणि लिहितोय ढालीबद्दल. शिवाय ते सगळं चढवून करायचं काय, तर उभं राहायचं. तिथं उडा नाही म्हटलेलं. उभे राहा, टिकून राहा, एवढंच पुन्हा पुन्हा."

एवढ्यात आमच्या मंडळींनी भाकरी आणि शेंगाची चटणी आणली. मालदांडीची भाकरी, पांढरीशुभ्र. आमच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिची कीर्ती त्याहून फार जुनी. भाकरी पुढं आली आणि मला वाटलं, आता सिस्टरांना पटवायला गावातलंच उदाहरण सापडलं.

"दामाजीपंत घ्या. बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार त्यांच्या ताब्यात. दुर्गादेवीच्या दुष्काळात माणसं मरताना बघवेनात, म्हणून हुकूम नसताना कोठार उघडलं. बादशहानं पकडून आणायला शिपाई पाठवले. आणि दामाजी पोचायच्या आत विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला, मोहरा ओतून धान्याची किंमत चुकती केली, पावती घेतली. वेश पालटून संकटात धावून येणारा! आमच्या मंगळवेढ्याचा सुपरहिरो हाच की. मग तुमच्या पाळकांनी वेगळं काय केलं?"

सिस्टरांनी हातातला घास ताटात ठेवला.

"ही गोष्ट मी इथं आल्यापासून ऐकते. मला ती फार आवडते. पण तुम्ही ती उलटी सांगताय, सर. सुपरहिरो कसा असतो? आतून बलवान आणि वरून साधा कारकून. वेळ आली की कारकुनाचे कपडे काढतो आणि झगझगीत होतो. तुमच्या देवानं काय केलं? झगझगीत होता, ते सगळं उतरवलं आणि महार झाला. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. ज्याला दरबारात तर सोडाच, देवळातही कुणी पाऊल टाकू देत नव्हतं, त्याचं रूप घेतलं. ते आमच्या प्रभूच्या जवळचं आहे. पाठीवरच्या लाल कपड्याच्या जवळचं नाही."

मी इतकी वर्षं हे आख्यान ऐकतो आहे, मुलांना शिकवलंही आहे. वेश कोणत्या दिशेनं पालटला, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"आणि दुसरं," त्या पुढं म्हणाल्या, "देव आला तो पैसे भरायला. कोठार दामाजीनंच उघडलं. पुढं काय होईल हे ठाऊक असून उघडलं. पावती नंतर मिळाली. नसती मिळाली तरी लोकांच्या पोटात धान्य गेलेलं होतं."

मी गप्प झालो. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, त्यामुळं मी हा लेख लिहितो आहे.

"मग सर, चोखोबांना वाचवायला कोण आलं?"

मंगळवेढ्याच्या माणसाला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. चोखामेळा इथले. गावकुसाच्या भिंतीचं काम चाललं होतं, त्यात चोखोबा राबत होते. 1338 मध्ये ती भिंत कोसळली आणि ते इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. विठ्ठलाचा एवढा लाडका भक्त, पंढरपूर पंचवीसेक किलोमीटरवर, आणि भिंत कुणी हातावर झेलली नाही. नंतर नामदेव आले. ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून त्यांनी ती पंढरपूरला नेली आणि महाद्वाराशी समाधी बांधली. कान्होपात्राही आमच्याच गावची. बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा तिनं विठ्ठलाच्या पायांवर प्राण सोडला. तिथंही शिपायांना उधळून लावायला कुणी आकाशातून उतरलं नाही.

"आमच्या प्रभूला वधस्तंभावर लोक हेच म्हणत होते," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "देवाचा पुत्र आहेस ना, मग ये की खाली उतरून. सुपरहिरो असता तर उतरला असता. पोरांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तो उतरला नाही, यावर आमचा सगळा विश्वास उभा आहे. मी छत्तीस वर्षं वॉर्डात काढली. भाजलेल्या बाया बघितल्या, कोवळी पोरं गेलेली बघितली. तिथं रात्री दोनला उडत येणारा कुणी मला कधी दिसला नाही. पण माणूस जाताना त्याचा हात धरून बसता येतं, हे मी त्या न उतरलेल्याकडून शिकले. माझ्या नातवाला ह्याची कधीतरी गरज पडणार आहे. त्याच्या हातात त्या वेळी नुसता लाल कपडा असू नये."

यावर मी वाद घातला नाही. घालण्यासारखं काही नव्हतंच. सात वर्षांच्या मुलाला वधस्तंभ आणि कोसळलेली भिंत कशी सांगायची, हा प्रश्न मात्र मी विचारला, आणि तो मला आजही खरा वाटतो. आपणही मुलांना आधी कालियामर्दन सांगतो आणि चोखोबांची भिंत मागून. लहानपणी देव बलवान वाटला नाही तर पुढं तो दुबळ्यांच्या बाजूला जाऊन बसला, याचं मोल मुलाला कसं कळावं?

तेवढ्यात मोबाईल वाजला. नातूच होता. "आजी, मी दिसलो का?" पाठीवर अजून तो लाल कपडा. सिस्टरांनी डोळे पुसून विचारलं, "दिसलास की. तुझी ताकद काय रे मग?" पोरगा गोंधळला. थोडा विचार करून म्हणाला, "मी डबे उचलले." मुलीनं मागून खुलासा केला. उपासनेनंतर मुलांनी घरून आणलेले खाण्याचे डबे एका टेबलावर रचले होते. गावात ज्यांच्या घरी पुरेसं नाही त्यांच्यासाठी. ते टीव्हीवर दाखवलं नव्हतं. प्रक्षेपण गाण्याबरोबरच संपलं होतं.

"बघा," मी म्हणालो, "कोठार उघडलंच त्यानं."

सिस्टर हसल्या. "हे दाखवायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या.

पण या प्रसंगानं मला माझा एक न बोललेला आक्षेप आठवला. सोंगाला माझी हरकत नव्हती, घरी बसून बघण्याला होती. उपासनेतला सगळ्यात खरा भाग पडद्यावर आलाच नाही, कारण तो पडद्यासाठी नव्हताच.

2020 सालची आषाढी मी घरात बसून पाहिली. साथीमुळं 17 मार्चपासून पंढरपूरचं मंदिर बंद होतं. मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटीनं पंढरीला आल्या आणि 1 जुलैच्या पहाटेची महापूजा मी टीव्हीवर बघितली. चंद्रभागेचं वाळवंट मोकळं. त्या वर्षी ते करणं भागच होतं, आणि विठोबाचं मुख इतक्या जवळून मला आयुष्यात कधी दिसलं नव्हतं. तरी सांगतो, ते दर्शन माझ्या अंगाला लागलं नाही. पाय दुखले नव्हते, कुणाचा धक्का लागला नव्हता, अनोळखी माणसानं माऊली म्हणून पायांवर डोकं ठेवलं नव्हतं. साथ गेली, मंदिर उघडलं. आमच्या घरातली धडधाकट माणसं मात्र अजून आषाढीला टीव्हीपुढं बसतात. "चांगलं दिसतं की घरून," म्हणतात. मला याचं दुःख आहे. मी हे सिस्टरांना जरा तावातावानं सांगितलं.

त्या चिडल्या. पहिल्यांदाच.

"धडधाकटांना काय बोलायचं ते बोला. माझे दोन्ही गुडघे गेलेत. सोलापूरचं आमचं चर्च पन्नास-पंचावन्न किलोमीटर. एसटीची पायरी चढायला मला दोन माणसं लागतात. त्या मोबाईलमुळं माझा रविवार शिल्लक आहे. खाटेवरच्या माणसाला, ज्याला कूस बदलता येत नाही, त्याला तुम्ही सांगणार का, की तुझं दर्शन अंगाला लागलं नाही? चोखोबांनी काय केलं? त्यांना देवळात घेत नव्हते, तर बाहेरून बघितलं. त्यांची भक्ती कमी भरली का?"

"भक्ती कमी भरली नाही," मी म्हणालो. "पण त्यांना बाहेर ठेवणाऱ्यांचा दोष कधी फिटला नाही. सहाशे वर्षांनंतर, मे 1947 मध्ये, साने गुरुजींना त्यासाठी पंढरपुरात दहा दिवस उपास करावा लागला, तेव्हा ते दार सगळ्यांना उघडलं. बाहेरूनही दिसतं म्हणून बाहेरच राहा, असं गुरुजी म्हणाले नाहीत."

सिस्टर बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "2020 च्या ईस्टरला, 12 एप्रिलला, मी मोबाईलसमोर पाटावर पोळीचा तुकडा आणि वाटीत द्राक्षांचा रस ठेवला होता. पाळकांनी पडद्यावर भाकर मोडली, मी इथं मोडली. प्रार्थना केली, खाल्लं. पण सर, प्रभुभोजन आपल्या हातानं घ्यायचं नसतं. कुणीतरी द्यायचं असतं. त्या दिवशी मला कुणी दिलं नाही, मीच घेतलं. ते अजून मनात राहिलंय."

गोपाळकाल्याचा घास दुसऱ्याच्या हातून तोंडात पडतो, तसंच हे. मला आणखी काही बोलायची गरज उरली नाही.

आमचं सगळं जुळलं असं नाही. मुलांच्या सुपरहिरोला मी अजून परका मानत नाही, आणि सिस्टरांनी मुलीला कळवलं आहे, की पुढच्या वेळी पाळकांना सांग, पोरांना न उतरलेल्याचीही गोष्ट सांगा. घरी बसून बघण्याबद्दल मात्र माझं मत त्यांच्यामुळं बदललं. दोष खाटेवरून बघणाऱ्याचा नाही. त्याला तिथं पडद्यापुढं सोडून आपण निर्धास्त झालो, हा आपला दोष आहे. मोबाईल दिला की आपलं कर्तव्य झालं, असं आपण धरून चाललो.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या दिवशी, मी सिस्टरांना गाडीनं सोलापूरला नेतो. चर्चच्या पायऱ्यांशी दोन तरुण खुर्ची घेऊन थांबलेले असतात आणि त्यांना खुर्चीसकट वर नेतात. तुमच्या गल्लीतही अशी कुणी म्हातारी असेल, जी देऊळ, चर्च, मशीद, विहार मोबाईलवर बघत असेल. तिला एकदा विचारा, कधी जायचं म्हणून. गाडी नसेल तर खुर्ची आणि दोन माणसं पुरतात.